नदीपलीकडचे देव



माणसे आपले गाव सोडतात ती पुष्कळ कारणांनी. दुष्काळ पडतो, स्वारी येते, भाऊबंदकीत वाटणी होऊन शेत पुरेनासे होते, किंवा दूरच्या शहरात चाकरी मिळते. आपल्या पुणे शहराच्या पेठा अशाच आलेल्या माणसांनी भरल्या. कोकणातून घाट चढून वर आलेल्या किती कुळांनी येथे संसार मांडले, हे या सभेत मी सांगावयाला नको. परंतु या सगळ्या स्थलांतरांत एक गोष्ट समान असते. माणूस भाकरीच्या मागे जातो. याच्या अगदी उलट असे एक स्थलांतर इतिहासात अधूनमधून दिसते. त्यात भाकर मागे राहते आणि माणूस निघून जातो. शेत उत्तम असते, घर पक्के असते, विहिरीला पाणी असते. तरी तो हे सारे टाकून उठतो, कारण त्या घरात राहावयाचे तर देव बदलावा लागणार असतो. आज मला बोलावयाचे आहे ते अशा स्थलांतराविषयी.

याचे आधुनिक काळातले एक ठळक उदाहरण अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे आहे. १८३० साली न्यूयॉर्क संस्थानात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने हा पंथ काढला. नवा धर्मग्रंथ, नवा प्रेषित आणि सर्वांनी मिळून एका ठिकाणी वसती करण्याचा हट्ट, यांमुळे शेजाऱ्यांशी त्यांचे कधी जमले नाही. १८३८ मध्ये मिसुरी संस्थानच्या गव्हर्नराने हुकूम काढला की, या लोकांना शत्रू समजावे आणि त्यांना एकतर हाकलावे नाहीतर त्यांचा निःपात करावा. ते इलिनॉय संस्थानात आले, मिसिसिपी नदीकाठी त्यांनी नॉवू नावाचे टुमदार शहर उभे केले. पण १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात शिरून स्मिथला ठार मारले. मग १८४६ च्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, ही माणसे गाड्या जोडून नदीपार निघाली. ब्रिगहम यंग याच्या नेतृत्वाखाली सुमारे तेराशे मैलांची वाट तुडवून १८४७ च्या जुलैमध्ये त्यांची पहिली तुकडी एका खाऱ्या सरोवराच्या काठी उजाड खोऱ्यात उतरली. तेथे पोहोचताच त्यांनी पहिले काम केले ते ओढ्याला बांध घालून पाणी जमिनीवर घेण्याचे आणि बटाटे लावण्याचे. आजचे सॉल्ट लेक शहर ते हेच.

ही हकीगत ऐकून आपण म्हणतो, केवढे हे धैर्य! आणि ते खरेच आहे. पण असे काही आपल्याकडे घडलेच नाही असे जर कोणाला वाटत असेल, तर तो आपल्याच घरातला इतिहास विसरला आहे. मॉर्मनांच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षे, आपल्या गोमंतकात, मराठी आणि कोंकणी बोलणाऱ्या माणसांनी असाच नदीपार प्रवास केला. फरक इतकाच की, त्यांची वाट तेराशे मैलांची नव्हती. काही थोड्या कोसांची होती. आणि त्यांनी बरोबर घेतले ते गाड्याभर सामान नव्हते, देव होते.

प्रथम त्या काळचा गोवा डोळ्यांपुढे आणू या. १५१० मध्ये आल्फोन्सो द आल्बुकर्क याने आदिलशहाकडून गोवे घेतले, ते म्हणजे मुख्यतः तिसवाडी बेट आणि त्याभोवतालची चोडण, दिवाडी वगैरे लहान बेटे. साष्टी आणि बारदेश हे दोन प्रांत १५४३ मध्ये त्यांच्याकडे गेले. या प्रदेशातील गावांची व्यवस्था फार जुनी आणि मोठी पाहण्यासारखी होती. तिला गावकरी म्हणत. गावची जमीन एका धन्याची नसे. मूळ वसाहत करणाऱ्या कुळांची, म्हणजे वांगडांची, ती सामाईक असे. खारे पाणी आत येऊ नये म्हणून नदीकाठी बांध घालावयाचे, मानशीची दारे भरती-ओहोटीप्रमाणे उघडावयाची-मिटावयाची, खाजणांत भात पिकवावयाचे, आणि उत्पन्नातून सरकारचा सारा, देवाचा खर्च व गावची कामे भागवून उरलेले गावकऱ्यांनी जोण म्हणून वाटून घ्यावयाचे, असा हा क्रम होता. देऊळ हे या व्यवस्थेचे हृदय होते. गावकऱ्यांची बैठक देवळात, हिशेब देवळात, तंटा देवळात. १५२६ मध्ये पोर्तुगीजांनीच या रूढींची रीतसर नोंद करून त्या मान्य केल्या. पहिली तीस वर्षे त्यांचा कारभार धर्माच्या बाबतीत पुष्कळ सोशीक होता, हेही सांगितले पाहिजे.

मग बदल कसा झाला? त्याचे मूळ गोव्यात नाही, युरोपात आहे. जर्मनीत ल्यूथरने पोपविरुद्ध बंड पुकारले, ख्रिस्ती जगाची दोन शकले झाली, आणि रोमनिष्ठ राजे आपल्या राज्यात एकच धर्म असावा या विचाराने पेटून उठले. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन हा त्यांपैकीच होता. १५४० पासून तिसवाडीतील देवळे पाडण्यास आरंभ झाला. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यास आला; १५४६ मध्ये त्याने राजाला लिहिलेल्या पत्रात येथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, स्थापन करण्याची मागणी केली. ते १५६० मध्ये स्थापन झाले. १५५९ च्या एका राजाज्ञेने पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन, बाप्तिस्मा देऊन वाढविण्याचा अधिकार दिला. ज्याच्या घरी बाप मेला त्या घरात दुःखाबरोबर ही धास्तीही शिरत असे. १५६० च्या एप्रिलमध्ये व्हाइसरॉय कोन्स्तांतिनु द ब्रागांसा याने ब्राह्मणांना हद्दपारीचा हुकूम काढला व मालमत्ता विकण्यास एक महिन्याची मुदत दिली. महिनाभरात घर आणि शेत विकावयाचे म्हणजे काय किमतीला विकले जाणार, हे व्यवहार जाणणाऱ्या पुणेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. १५६७ मध्ये साष्टीतील सुमारे २८० देवळे पाडली गेली. राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याच्या हातून हे काम झाले.

अशा वेळी गावकऱ्यांपुढे तीन मार्ग होते. लढावे, राहावे, किंवा जावे. तिन्ही मार्गांनी माणसे गेली, आणि तिघांनाही आपापली किंमत मोजावी लागली.

लढले ते कुंकळ्ळीचे. साष्टीच्या दक्षिण टोकाला असलेल्या या गावाने व आसपासच्या गावांनी सारा देण्याचे नाकारले, पाडलेली देवळे पुन्हा उभारली, पुन्हा पाडली गेली. १५८३ च्या जुलैमध्ये चर्चसाठी जागा पाहावयास आलेल्या पाच जेझुइट पाद्र्यांना आणि त्यांच्या सोबतच्या काही जणांना गावकऱ्यांनी ठार केले. या पाचांत रुदोल्फ आक्वाविवा होता, जो त्याआधी फत्तेपूर शिक्रीला अकबराच्या दरबारी धर्मचर्चा करून परत आला होता. बादशहाच्या दरबारात त्याला वाद घालण्याची मुभा होती. कुंकळ्ळीत मात्र वादाची वेळ निघून गेली होती. नंतर गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा वध करण्यात आला. कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा डोंगराआड फातर्प्यास गेली. परंतु वर्षातून एकदा ती बारा वांगडांच्या बारा छत्र्यांसह, गुलाल उधळीत, आपल्या जुन्या गावी येते, आणि त्या छत्र्यांच्या मानात गावातील ख्रिस्ती वांगडांचाही वाटा आहे. चारशे वर्षांपूर्वी फुटलेले गाव त्या एका दिवशी पुन्हा एक होते.

गेले त्यांची कथा अधिक विस्ताराची आहे. साष्टी आणि अंत्रूज यांच्यामध्ये जुवारी नदी वाहते. तिलाच जुने लोक अघनाशिनी म्हणत. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे आदिलशहाचा अंमल. मध्ये एक पाण्याचा पट्टा, जो होडीने पार करावयाला फार वेळ लागत नाही. १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, मंगेशाचे लिंग नदीपार नेऊन अंत्रुजातील प्रियोळ गावी ठेवण्यात आले. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याच्या हद्दीत, कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्यास, रायची कामाक्षी शिरोड्यास, मडगावचा दामोदर जांबावलीस, चोडणचा देवकीकृष्ण शेवटी माशेलास. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर, जो कदंब राजांचा कुलदेव, तो नदी ओलांडून नार्व्यास गेला. ही यादी एखाद्या गावाची नव्हे, एका अख्ख्या प्रदेशाची आहे. नकाशावर रेघा ओढल्या तर साऱ्या रेघा पाण्याच्या एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला पोहोचतात.

रात्रीच्या अंधारात, होडीत कापडाखाली झाकून देव नेल्याच्या आठवणी या कुळांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. भर पावसात तान्ह्या कृष्णाला टोपलीत घालून यमुनापार नेणारा वसुदेव आपल्याला ठाऊक आहे. येथे भूमिका बदलली होती. देव लेकरू झाला होता आणि भक्त बाप.

आता एका गोष्टीकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. हे देव ज्या भूमीत आश्रयाला गेले ती भूमी हिंदू राजाच्या निर्वेध सत्तेखाली नव्हती. अंत्रूज आदिलशाही अंमलात होता. फोंड्याची प्रसिद्ध साफा मशीद त्याच शतकातली. म्हणजे आपले देव वाचविण्यासाठी गोमंतकीय हिंदू ज्या हद्दीत गेले, तेथे सुलतान विजापूरचा होता. सोळाव्या शतकाचा इतिहास ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ अशा एकाच चौकटीत बसविणाऱ्यांनी या होड्या एकदा डोळ्यांपुढे आणाव्यात.

नदीपार गेल्यावर वसाहत कशी झाली? देव आला तरी त्याची शेते आली नव्हती, खाजणे आली नव्हती, गावकरीचे उत्पन्न आले नव्हते. अंत्रूज हा डोंगर-दऱ्यांचा मुलूख. तेथील शेती म्हणजे कुळागरे. झऱ्याचे पाणी पाटाने खेळवावयाचे, उतारावर गडगे घालून माती धरावयाची, आणि सुपारी, नारळ, केळी, मिरी एकमेकांच्या सावलीत वाढवावयाची. भाताची लावणी वर्षात पीक देते. सुपारीची बाग लावणाऱ्याला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. जो परत जाण्याच्या तयारीत आहे तो सुपारी लावत नाही. तेव्हा या नव्या वसाहतींत ज्या दिवशी पोफळी लागल्या, त्या दिवशी आपण आता येथलेच झालो हे माणसांच्या मनाने स्वीकारले असे म्हणावयास हरकत नाही.

याहून मोठी गोष्ट त्यांनी केली ती संस्थेची. मूळ गाव सुटल्यावर गावकरी बसणार कोठे? ती देवाभोवती बसली. देवळाची मूळ कुळे महाजन ठरली; त्या देवाला कुलदैवत मानणारे सारे कुळावी ठरले. कुळावी मग कारवारला असो की मालवणला, वेंगुर्ल्याला असो की मंगळुराला, त्याचे नाव कोठेतरी एका देवळाशी बांधलेले राहिले. आणि म्हणून गोव्यातील या देवळांभोवती आपल्याला अग्रशाळा दिसतात. लांबून येणाऱ्या कुळाव्याने उतरावे, आपल्या हाताने किंवा देवस्थानच्या मुदपाकखान्यात शिजलेले जेवावे, लग्नमुंजीच्या अक्षता देवापुढे ठेवाव्यात, मुलांना आपले गोत्र आणि मूळ गाव सांगावे, यासाठी ती सोय आहे. जमीन गेली, पण गाव गेले नाही. कारण गाव हे जमिनीवर नव्हे, नात्यावर उभे राहू शकते, हा शोध या लोकांनी लावला. पंढरीच्या वारीने जे विठ्ठलाभोवती केले, तेच लहान प्रमाणात या निर्वासितांनी आपापल्या कुलदेवाभोवती केले. पुढे पोर्तुगीज सरकारनेही १८८६ मध्ये महाजनकीसाठी कायदा करून या व्यवस्थेला कागदावर आणले.

सारेच नदीपार थांबले नाहीत. कित्येक कुळे दक्षिणेकडे निघाली. कानडा जिल्ह्यात वस्ती केलेल्या सारस्वतांपुढे नगरच्या राज्यात प्रश्न आला की, तुमचा गुरू कोण? मठ नाही, गुरू नाही, तर तुमची जात कोणती मानावी? तेव्हा १७०८ मध्ये त्यांनी गोकर्णास परिज्ञानाश्रम स्वामींना गुरुस्थानी मानले आणि पुढे शिराळीस चित्रापूर मठ उभा राहिला. निर्वासितावर हीही वेळ येते; आपण कोण आहोत हे परक्यापुढे सिद्ध करावे लागते. उत्तरेकडे कोकणात गेलेल्या शेणव्यांना तर ब्राह्मण्याच्या हक्कांसाठी ग्रामण्ये सोसावी लागली, आणि १६६४ मध्ये गागाभट्टांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला तरी हा वाद पेशवाईतही पुरता विझला नाही.

काही कुळे थेट कोचीनपर्यंत पोहोचली. तेथील राजाने त्यांना आसरा दिला आणि मट्टांचेरीजवळ चेरळाई येथे त्यांचे तिरुमल देवस्थान उभे राहिले. दैवाची थट्टा अशी की, ज्यांच्यापासून पळाले त्या पोर्तुगीजांचा किल्ला तेथेही शेजारीच होता; १६६३ मध्ये डचांनी कोचीन घेतल्यावर तो काच सुटला. या कोचीनच्या गोमंतकीयांचा एक सुंदर पुरावा जगापुढे आहे. डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करविला. त्याचा पहिला खंड १६७८ मध्ये आम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांचे प्रमाणपत्र आहे. ते कोंकणीत आहे आणि नागरी लिपीत आहे. नागरी अक्षरांच्या अगदी प्रारंभीच्या छापील मजकुरांत त्याची गणना होते. घर सोडून शंभर-सव्वाशे वर्षे लोटली, मलयाळी मुलुखात वस्ती झाली, तरी शपथेवर लिहावयाची वेळ आली तेव्हा हात वळला तो आपल्या भाषेकडे आणि आपल्या लिपीकडे.

आता राहिले त्यांच्याविषयी. इतिहासाने त्यांच्यावर सर्वांत अन्याय केला आहे. गेलेल्यांच्या वंशजांनी त्यांना बाटगे म्हटले, आणि ज्यांच्या धर्मात ते गेले त्यांनी त्यांच्यावर कधी विश्वास ठेवला नाही. इन्क्विझिशनचा मुख्य अधिकार चाले तो बाप्तिस्मा झालेल्यांवर. १५६१ ते १७७४ या काळात या न्यायासनापुढे सोळा हजारांहून अधिक खटले चालले. त्यांतील पुष्कळांचा गुन्हा काय, तर आजीकडून आलेली एखादी रीत पाळली. १७३६ चा एक जाहीरनामा वाचण्यासारखा आहे. त्यात ख्रिस्ती झालेल्यांना धोतर नेसण्याची, चोळी घालण्याची, अंगणात तुळस ठेवण्याची आणि हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजविण्याची मनाई केली आहे. विचार करा. धर्मांतराला पावणेदोनशे वर्षे होत आली होती, आणि तरी सरकारला भातातल्या मिठाचा हुकूम काढावा लागत होता! याचा अर्थ असा की, देवळातून गेलेला देव चुलीपाशी अजून रेंगाळत होता. पणज्यांच्या हातची चव कोणत्याही न्यायासनाला जिंकता आली नव्हती.

भाषेचेही तसेच. १६८३ मध्ये संभाजीमहाराजांच्या स्वारीने गोव्याला जबर हादरा दिला, आणि पुढच्याच वर्षी, १६८४ मध्ये, व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ती बोली मात्र आजही साष्टीच्या चर्चांत प्रार्थनेची भाषा आहे. आणि त्याच साष्टीत, राशोल येथे, १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, हे आपण विसरू नये. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या कानांना पुराणच हवे होते; म्हणून त्या इंग्रज पाद्र्याने त्यांना ख्रिस्ताचेच पुराण रचून दिले. राहिलेले आपले होते आणि आपलेच राहिले.

आता या कथेचा धागा आपल्या पेठेशी कोठे जुळतो ते सांगतो. १६६८ मध्ये शिवाजीमहाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार केला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. परंतु नदीपार गेलेल्या देवांना भव्य मंदिरे लाभली ती मुख्यतः अठराव्या शतकात. १७३० साली येथे शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, आणि त्याच दशकात शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांनी कवळ्याच्या शांतादुर्गेचे मोठे देऊळ बांधविले. १७३९ मध्ये वसईची मोहीम चालू असताना व्यंकटराव घोरपडे इचलकरंजीकर यांची फौज साष्टीत उतरली, मडगावपर्यंत गेली. त्याच साली, मराठ्यांचे सरदार आणि मंगेशाचे निस्सीम भक्त रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या विनंतीवरून मंगेशीचे गाव देवस्थानाकडे लावून देण्यात आले. ज्यांचे पूर्वज देव झाकून घेऊन पळाले होते, त्यांच्यापैकी एकाचा शब्द आता मराठी दौलतीत चालत होता. निर्वासिताच्या नातवंडांनी पत मिळविली म्हणजे देवाच्या डोक्यावर कळस चढतो, असे या देवळांचे बांधकाम सांगते. त्यांचे घुमट आणि दीपस्तंभ पाहताना लक्षात ठेवावे की, त्यांच्या आधीची पिढ्यान्‌पिढ्या हा देव साध्या छपराखाली राहिला असला पाहिजे.

आणि मग इतिहासाने आणखी एक गंमत केली. हैदरअलीपुढे टिकाव न लागून सौंदेकर राजा गोव्याच्या आश्रयास आला, आणि १७६३ मध्ये फोंडे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेला. ज्यांच्या भयाने देव नदीपार गेले, ते दोनशे वर्षांनी नदी ओलांडून देवांच्या दारी आले! पण आता काळ पालटला होता. या नव्या काबिजादींतील लोकांच्या धर्माला व रूढींना हात लावणार नाही, असे त्यांना कबूल करावे लागले. १८१२ मध्ये इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी इन्क्विझिशनवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करणारे विद्वान अ. का. प्रियोळकर हे नावानेच प्रियोळचे, म्हणजे मंगेश जेथे आश्रयाला आला त्या गावचे. छळणारी सत्ता निघून गेली, आणि तिचा हिशेब मांडावयाला त्याच गावचा माणूस उभा राहिला.

येथपर्यंत ऐकून आपल्याला अभिमान वाटला असेल, आणि तो रास्त आहे. पण इतिहासाचा अभ्यास केवळ अभिमानासाठी करावयाचा नसतो. मी आरंभी मॉर्मनांची गोष्ट सांगितली तिचा उरलेला भाग येथे सांगतो. ज्या खोऱ्यात ते उतरले ते रिकामे नव्हते. तेथे यूट आणि शोशोनी लोक राहत होते; वसाहत वाढत गेली तसे त्यांचे पाणी आणि शिकारीची राने त्यांच्या हातून गेली. १८५७ मध्ये तर त्या मुलुखातून चाललेल्या शंभराहून अधिक प्रवाशांची मॉर्मन शिबंदीने माउंटन मेडोज येथे कत्तल केली. छळ सोसलेला माणूस आपोआप दयाळू होत नाही. छळाने तो धीट होतो, चिवट होतो, संघटित होतो. दयाळू व्हावयाचे तर ते त्याला वेगळे शिकावे लागते.

आपल्या नदीपार गेलेल्यांनी कोणाची कत्तल केली नाही. पण देवाभोवती बांधलेले ते गाव पुढे स्वतःभोवतीच कुंपण घालून बसले. महाजनांच्या वह्या काही कुळांपुरत्या राहिल्या. देवाबरोबर आलेली माणसे केवळ गावकरी नव्हती. पालखी उचलणारे होते, चौघडा वाजविणारे होते, देवळी होते, भाविणी आणि कलावंत होत्या. देवापुढे दिवा धरणाऱ्या, गाणाऱ्या या स्त्रियांनी देवळाला स्वर दिला. त्यांच्या वाट्याला मान मात्र आला नाही. त्यांच्या कुळांना विसाव्या शतकात स्वतःची संघटना करून, शिकून, झगडून आपले स्थान मिळवावे लागले. फोंडे महालातील केरीच्या केसरबाई केरकर आणि मंगेशीचे मास्टर दीनानाथ यांच्या गळ्यावर पुण्या-मुंबईच्या रसिकांनी जीव टाकला. तो स्वर ज्या देवळांच्या परिसरात घडला, त्यांच्या मालकीहक्काच्या यादीत मात्र त्या स्वरांचे नाव नव्हते.

आणि शेवटी एक विचार आपल्यापुढे ठेवून मी रजा घेतो. मंगेश कोणी नेला, शांतादुर्गा कोणी नेली, हे त्या त्या कुळांना तोंडपाठ आहे. देऊळ कोणी बांधले हेही नोंदलेले आहे. पण ज्या दिवशी होडी पलीकडच्या काठाला लागली, त्या दिवशी अंत्रुजातील ज्या कोणी माणसाने ‘या, येथे ठेवा तुमचा देव’ म्हणून आपल्या शिवारातली जागा दाखविली, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तो राजा नव्हता, सरदार नव्हता. आपल्याच झऱ्याचे पाणी आता दोन तोंडांना पुरवावे लागणार हे त्याला दिसत होते. सुलतानाचा अंमलदार काय म्हणेल याची धाकधूकही त्याला असेलच. त्याने जागा दिली नसती तर या कथेत धैर्य उरले असते, पण देव उरला नसता. घर सोडणाऱ्याचे शौर्य आपण गातो, आणि गावे. परंतु संस्कृती वाचते ती अर्धी त्याच्या शौर्याने आणि अर्धी दार उघडणाऱ्याच्या सौजन्याने. आपल्या पेठांतही रोज कोणीतरी नवा माणूस आपली भाषा, आपला देव आणि आपली गाठोडी घेऊन येत असतो. त्याच्याकडे पाहताना पूर्वजांनी ओलांडलेल्या नद्यांची आठवण जागी राहिली, तर हा इतिहास वाचल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.